बिनइतिहासाचा प्रवासी

विमानात माणसाला पट्टा बांधून बसवलेलं असतं. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला घोरणारा इसम. उठून जायची सोय नाही, फोन चालत नाही, आणि समोरच्या खिशातलं आपत्कालीन सूचनांचं कार्ड दोनदा वाचून झालेलं. अशा अवस्थेत कुणी काहीही विकायला आलं तरी माणूस निमूट ऐकून घेतो, हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्याच्या पाया पडायला हवं.

घोषणा सुरू झाली तेव्हा मला वाटलं, हवामान बिघडलं. हवामान उत्तम होतं. कंपनीनं एका बँकेबरोबर खास क्रेडिट कार्ड काढलं होतं. खर्च करा, माइल्स मिळवा, पहिल्या 90 दिवसांत ठरावीक खर्च केलात तर 10,000 माइल्स नुसते स्वागताचे, आणि मग काय, फुकट तिकीट! मी शेजाऱ्याकडे बघितलं. तोंड उघडं टाकून तो इतका गाढ झोपला होता की अशी झोप फुकट तिकिटावरच लागत असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी पत्रक मागून घेतलं.

घरी आल्यावर बायकोनं ते उलटसुलट बघितलं.

"तू वर्षातून दोनदा विमानात बसतोस."

"कार्ड आलं की जास्त बसेन."

"म्हणजे पैसे वाचवायला पैसे खर्च करणार."

हिच्याशी दूरदृष्टीच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नसतो. मी लॅपटॉप उघडला.

पहिल्या पानावर नाव. यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. पण कार्डावर छापायच्या नावासाठी एकोणीस चौकोन होते आणि माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून होतात सव्वीस अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा सोडून. वडिलांना आद्याक्षरावर आणलं तर मागाहून सूचना आली, 'नाव पासपोर्टप्रमाणेच हवं.' पासपोर्टप्रमाणे लिहिलं तर आडनाव मध्येच तुटून एक विचित्र, किंचित अश्लील शब्द तयार होत होता. मी बराच वेळ त्या एकोणीस चौकोनांकडे बघत बसलो. तीन पिढ्या मिरवलेलं आडनाव असं फलाटाबाहेर राहिलेल्या डब्यासारखं लोंबकळताना बघवत नव्हतं. शेवटी वडिलांना पूर्ण गाळलं.

दुसऱ्या पानावर विमान कंपनीचा सदस्य क्रमांक मागितला. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून आधी सदस्य व्हायला गेलो. तिथं पासवर्ड हवा होता: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि नावाचा अंश नको. एवढं करून परत येईपर्यंत बँकेचं पान 'आपल्या सुरक्षिततेसाठी' बंद झालं होतं. पुन्हा नाव. पुन्हा एकोणीस चौकोन. वडिलांना दुसऱ्यांदा गाळताना पहिल्याइतकं वाईट वाटत नाही, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मधल्या वेळात मी पत्रकातला बारीक मजकूर वाचला. माइल म्हणजे नेमकं किती? आपण किलोमीटरवाले. जमिनीवरचा मैल 1.609 किलोमीटरचा, वैमानिक मोजतात तो सागरी मैल 1.852 किलोमीटरचा. कार्डावरचा माइल यांतला कुठलाच नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 च्या मे महिन्यात आपली योजना सुरू केली तेव्हा निदान हिशेब सरळ होता, जितके मैल उडलात तितके खात्यात. 1987 मध्ये तिनं सिटीबँकेबरोबर कार्ड काढलं आणि जमिनीवर उभं राहून, जोडे विकत घेऊनही मैल जमायला लागले. पुढं 2015-16 मध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तिन्ही कंपन्या माइल्स देताना अंतर बघायचं सोडून प्रवाशानं तिकिटाला किती पैसे मोजले ते बघू लागल्या. मैल तुडवायचे असतात, माइल्स उधळून मिळवायचे असतात. उच्चारातल्या एवढ्याशा फरकात केवढा धंदा बसलाय.

मग फोटोंचं कोडं आलं. नऊ चौकोनांत 'बस असलेले निवडा.' एका बसचा आरसा शेजारच्या चौकोनात शिरला होता. आरसा म्हणजे बस का? मी आरसा धरला, चुकलो. पुढच्या वेळी सोडला, चुकलो. जाऊ दे.

खरी परीक्षा व्हिडिओ पडताळणीची. पडद्यावर एक तरुण आला. कानाला हेडफोन, मागं निळा पडदा, आवाजात दिवसभरात शंभर लोकांशी बोलल्याचा थकवा.

"सर, डोळे मिचकावा."

मी मिचकावले.

"सर, सावकाश. सिस्टिमला दिसले नाहीत."

मी सावकाश मिचकावले. इतके सावकाश की त्याला वाटलं मी झोपलो.

"सर? सर, आहात ना?"

"आहे."

"आता मान डावीकडे. नाही सर, तुमची डावी."

मी माझीच डावी केली होती, पण पडद्यावर ती उजवीकडे जात होती आणि ते बघून मी मान मध्येच फिरवली. आता ना डावी ना उजवी, अशी मधल्यामध्ये मान घेऊन मी बसलो. आयुष्यात अनेक ठिकाणी मी लायक असल्याचं सिद्ध करावं लागलं, पण जिवंत असल्याचं सिद्ध करायची पाळी पहिल्यांदाच आली होती, आणि त्यातही मी काठावर पास होत होतो.

"आता पांढऱ्या कागदावर सही करून कॅमेऱ्यासमोर धरा."

मी सही केली, धरली. तो वाकून बघायला लागला.

"सर, ओळखपत्रावरच्या सहीला खाली शेपूट आहे."

होतं खरं. बाविसाव्या वर्षी मला वाटायचं की पुढंमागं लोक आपली सही मागायला येतील, म्हणून मी आडनावाच्या शेवटच्या अक्षरातून एक फर्राटा काढून, तो नावाखालून उलटा नेऊन, सुरुवातीला दोन ठिपके द्यायचो. लोक आले नाहीत. शेपूट हळूहळू झडलं, ठिपके त्याआधीच गेले. आता बँकेचा माणूस ते परत मागत होता.

"अहो, फोटोतला माणूससुद्धा वेगळा दिसतो. त्याला केस आहेत."

"ते चालतं सर. सही चालत नाही."

मग मी एका अनोळखी मुलासमोर, लहानपणी शुद्धलेखन काढायचो तसं, स्वतःची सही गिरवायला बसलो. पहिल्या शेपटीला जोर नव्हता. दुसरी कागदाबाहेर गेली. तिसऱ्या वेळी ठिपके विसरलो. सातव्या कागदावर तो म्हणाला, "हां सर, आता तुम्ही वाटताय."

चार दिवसांनी मेसेज आला. 'आपल्या अर्जावर विचार करण्यात आला. सध्या आपल्याला कार्ड देता येत नाही.' कारण नव्हतं. मी फोन लावला. आधी संगीत, मग एक दाबा, मग चार दाबा, मग पुन्हा संगीत, आणि शेवटी एक मृदू आवाज.

"सर, तुमचा इतिहास सापडत नाही."

"कसला इतिहास?"

"क्रेडिट हिस्टरी सर. तुम्ही कधी कर्ज घेतलेलं नाही."

"नाही घेतलं. कधीच नाही. कुणाचा एक पैसा नाही माझ्या अंगावर!"

हे मी छाती फुगवून म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. एखाद्यानं अभिमानानं आपला संसर्गजन्य आजार सांगावा तशी.

"तेच ना सर," ती हळुवारपणे म्हणाली.

पत मोजायची पद्धतच तशी आहे. अमेरिकेत 1989 पासून वापरात असलेला फायको स्कोअर 300 ते 850 मध्ये असतो. देशोदेशी आकडे बदलतात, मूळ मुद्दा एकच: उधार किती घेतलंत आणि वेळेवर परत केलंत का. ज्यानं घेतलंच नाही तो परत करेल की नाही हे कोण सांगणार? कर्जबुडव्याला निदान तीनशेच्या घरातला आकडा तरी मिळतो, मला आकडाच नव्हता. वर असं कळलं की अर्ज नाकारला गेला तरी बँकेनं चौकशी केल्याची नोंद आपल्या नावावर राहते. म्हणजे अखेर माझा इतिहास सुरू झाला होता. पहिलं पान, पहिलीच ओळ: 'याच्याबद्दल विचारपूस झाली होती.'

रात्री झोप येईना. 2020 मध्ये साथीमुळे विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेड आणि डेल्टा यांनी आपल्या माइल्सच्या योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरची कर्जं उभी केली होती, हे मला नेमकं त्याच रात्री आठवावं? त्यांना माइल्सवर कर्ज मिळालं आणि मला कर्ज नाही म्हणून माइल्स मिळेनात. मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "दिवा घालव."

सकाळी तिनं माझ्याच लॅपटॉपवर अर्ज भरला. तिच्याकडे दहा वर्षांपासून एक साधं, कसल्याही चित्राबित्राचं नसलेलं कार्ड आहे, हे मला माहीत होतं. त्याचं बिल दर महिन्याला शेवटच्या तारखेआधी पूर्ण भरून तिनं चोरपावलांनी केवढा इतिहास रचून ठेवलाय, हे माहीत नव्हतं. तिचं नाव एकोणीस चौकोनांत चपखल बसलं. डोळे तिनं एकदाच मिचकावले. नऊ मिनिटांत 'अभिनंदन' आलं. बसच्या आरशाचं काय केलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "कुठली बस?"

आठवड्यानं कार्ड आलं. जगात कुठंही गेलं तरी हे चकतं 85.60 बाय 53.98 मिलिमीटरचंच असतं, पण त्याला पाळण्यातल्या बाळासारखं एका मोठ्या खोक्यात, त्याच्या आत छोट्या खोक्यात, आणि त्याच्याही आत मखमली खाचेत निजवलेलं होतं. कोपऱ्यात विमान, खाली ढग. क्रमांक 4 नं सुरू होत होता. कार्डांच्या क्रमांकांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात पहिला आकडा 1 असेल तर कार्ड विमान कंपनीचं, 4 किंवा 5 असेल तर बँकेचं. तेव्हा विमान होतं ते फक्त चित्रात. हे मी हिरिरीनं समजावून सांगितलं. "मग तुला नको ना?" असं विचारून तिनं ते पर्समध्ये टाकलं.

मला हवं होतं. त्यासाठी वेगळा अर्ज होता, 'पुरवणी कार्डधारक' म्हणून. म्हणजे आता मी पुरवणी. 'मूळ कार्डधारकाशी नातं' या रकान्यात 'पती' निवडावं लागलं. यादीत ते 'मुलगा', 'मुलगी' आणि 'आईवडील' यांच्या खाली, 'इतर'च्या जेमतेम वर होतं. तिच्या कार्डाचा क्रमांक टाकताना माझा एक आकडा चुकला आणि चौकट तत्काळ लाल झाली. ही चूक पकडण्याचं गणित आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांचं. बाकीच्या आकड्यांवर ठरलेली बेरीज करून शेवटचा आकडा बेतायचा, की कुठलाही एक आकडा बदलला तर बेरीज बोंबलते. लून यांनी पेटंटसाठी अर्ज केला 1954 मध्ये आणि ते मिळालं 1960 मध्ये. अर्ज करून सहा वर्षं वाट बघितलेल्या त्या माणसाबद्दल मला एकदम जवळीक वाटली. माझं कार्ड बारा दिवसांत आलं. खोकं नव्हतं. साधं पाकीट.

पुरवणी कार्डाची दोन वैशिष्ट्यं मला वापरायला लागल्यावर कळली. एक, मी कुठंही कार्ड टेकवलं की मेसेज तिच्या फोनवर जातो. दुकानातून पायरी उतरायच्या आत तिचा फोन येतो, "आधीच्या हेडफोनला काय झालं?" दोन, माझ्या खर्चाचे माइल्स तिच्या खात्यात जमा होतात. 90 दिवसांत स्वागताचा खर्च पूर्ण करायचा म्हणून मी जिवाचं रान केलं. पेट्रोल धरत नाहीत, घरभाडं धरत नाहीत, विमा धरत नाहीत. मुळात माणूस ज्यावर खर्च करतो ते काहीच धरत नाहीत. मी पुढच्या वर्षीचे जोडे याच वर्षी घेतले. दोन छत्र्या घेतल्या. एक्याऐंशीव्या दिवशी तिच्या फोनवर 10,000 माइल्स आल्याचा मेसेज आला. तिनं मला दाखवला. मला आनंद झाला, कुणाच्या तरी पोराला बक्षीस मिळाल्यावर होतो तितका.

मग एका रविवारी ती तिकीट काढायला बसली. तिला हव्या त्या तारखांना माइल्सवरची जागा नव्हती. नको त्या तारखांनाही नव्हती. अखेर एका मंगळवारी, पहाटे दोन चाळीसच्या विमानात, एक जागा सापडली.

"एकच?"

"माइल्सही एकाचेच आहेत."

फुकट तिकिटावर कर आणि विमानतळाचं शुल्क भरायचं होतं, ते तिनं भरलं. मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं. मी खिशातून पुरवणी कार्ड काढलं आणि दुसरं तिकीट पूर्ण पैसे मोजून घेतलं. तिचा फोन टुणकन वाजला.

"अरे, बघ," ती म्हणाली, "माइल्स पडले."