जुना वर्कस्टेशन: मॉडेल बघून ठरवा

जुना वर्कस्टेशन (जड कामांसाठी बनवलेला व्यावसायिक संगणक) घेऊच नये, असं एका लेखात म्हटलं होतं. ते मत सरसकट पटत नाही. फरक पिढीचा आहे. एचपी झेड४२० मधल्या झिऑन ई५ व्ही१/व्ही२ (इंटेलच्या वर्कस्टेशन प्रोसेसरच्या पहिल्या दोन पिढ्या) ला एव्हीएक्स२ (आकडेमोड वेगाने करणाऱ्या सूचनांचा संच) नाही, त्यामुळे काही नवी सॉफ्टवेअर चालूच होत नाहीत. तो टाळाच. झेड४४० (व्ही३/व्ही४ प्रोसेसर, डीडीआर४ प्रकारची रॅम) मात्र रेंडरिंग (थ्रीडी चित्र-व्हिडिओ तयार करणं), व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात दुसरा आभासी संगणक) यांसाठी आजही दमदार आहे.

घेताना रॅम नीट बघा. झेड४४० मध्ये रजिस्टर्ड ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी सर्व्हरची रॅम) लागते. साध्या पीसीची डीडीआर४ चालत नाही. प्रोसेसर आणि रॅममध्ये चार चॅनल (वाटा) असल्यामुळे १६ जीबीच्या दोन काड्यांपेक्षा ८ च्या चार बऱ्या. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. एम.२ स्लॉटही (छोट्या वेगवान एसएसडीची जागा) नाही. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून पीसीआयई अडॅप्टरवर (कार्डाच्या खाचेत बसणारा जोड) एनव्हीएमई एसएसडी लावा. पॉवर सप्लाय एचपीच्या खास मापाचा, बाजारातला साधा एटीएक्स (नेहमीच्या पीसीच्या मापाचा) थेट बसत नाही. म्हणून दुकानातच लोड देऊन तपासा. घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला.

विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत आणि १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुम्हाला लिनक्स वापरणं चालणार असेल तरच बिनधास्त घ्या. फक्त टॅली आणि ब्राउझरसाठी हा अनेकदा १४० वॉटचा असलेला प्रोसेसर कशाला पोसायचा?