‘ज्याला जे जमतं ते काम मिळतं’ याबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोबोटिक्सच्या टीममध्ये मुलगा-मुलगी कुणी बघत नाही, ज्याला जे जमतं ते काम मिळतं. मुली स्वतःहून रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन घेतात, आणि रात्री जागायची तयारी नसेल तर तक्रार करू नये. तुम्ही स्वतः रोबोकॉन (कॉलेजच्या टीम्सची रोबोट स्पर्धा) खेळलेले आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी आमच्यापैकी कुणालाच काही जमत नव्हतं. माझ्याबरोबर आलेल्या मुलांनीही ड्रिल मशीन कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच पहिल्यांदा हातात घेतलं. त्यांच्याकडून बिट मोडला की सीनियर म्हणायचे, ‘होतं रे, दुसरा लाव.’ मी ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर पंचाने खूण करून बिट टेकवला, की कुणीतरी मशीन काढून घ्यायचं. ‘दे इकडे, लागेल तुला.’ काळजीपोटीच म्हणायचे, त्याबद्दल शंका नाही. पण दोन-तीन महिन्यांत त्या मुलांचा हात बसला आणि कामांच्या यादीत माझ्या नावापुढे ‘डॉक्युमेंटेशन’ आलं. का, तर तुझं इंग्लिश चांगलं आहे. याला तुम्ही ‘स्वतःहून घेतलं’ म्हणता?

आता रात्रीचं. रोबोटचं खरं काम रात्रीच चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद व्हायचं, मुलांच्या हॉस्टेलला वेळेचं बंधनच नव्हतं. 2018 च्या रोबोकॉनची थीम व्हिएतनामच्या पारंपरिक खेळावर होती, कापडी शेपटीचा चेंडू उंचावरच्या रिंगमधून फेकायचा. आमचा रोबोट हवेच्या दाबाने चेंडू फेकायचा; ते प्रेशर किंचित कमी-जास्त झालं तरी चेंडू रिंगला लागून खाली यायचा. ऑटोमॅटिक रोबोटचा कोड माझा होता. नऊ वाजले की लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात देऊन पळायचं, आणि सकाळी येऊन बघावं तर कोडमधल्या व्हॅल्यू बदललेल्या. कुणी बदलल्या, का बदलल्या, कुणालाच धड सांगता यायचं नाही. स्पर्धेत रोबोट घेऊन मैदानात उतरणारे तिघं ठरले, त्यात मी नव्हते. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, ‘रात्रीच्या ट्रायल्सना तू नसायचीस.’ माझी जागायची तयारी होती. गेट बंद होतं.

आणि हे नियमातही बसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांत स्वच्छ लिहिलंय, की सुरक्षिततेचं कारण पुढे करून हॉस्टेलमध्ये मुलींना मुलांपेक्षा भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. आमच्या रेक्टर मॅडमना मी ते दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘पालकांना कोण उत्तर देणार?’

स्पर्धेच्या वेळी बघायला आलेल्या एका प्राध्यापकांनी लाइन फॉलोइंगबद्दल, म्हणजे रोबोट जमिनीवरच्या रेषेवरून आपोआप कसा चालतो याबद्दल, प्रश्न विचारला. उत्तर मी देत होते, पुढचा प्रश्न मात्र ते शेजारच्या मुलाकडे बघून विचारायचे. तो बिचारा दर वेळी माझ्याकडे बघायचा. त्या मुलाचा मला राग नाही, तुमचाही नाही.

तुम्ही लिहिलंय की अजूनही ज्युनियर्सना मार्गदर्शन करायला कॉलेजला जाता. मग एवढं करा: यंदाच्या टीममध्ये पहिल्या महिन्यात ड्रिल आणि सोल्डरिंग कुणाकुणाच्या हातात जातंय ते बघा, मुलींना रात्री किती वाजेपर्यंत वर्कशॉपमध्ये थांबता येतं ते रेक्टरना विचारा, आणि काय दिसलं ते इथे लिहा. मी वाट बघते.