चौकापासून अवघी पाच मिनिटं

ऐतिहासिक शहरात मुक्काम ठरला की माणूस हॉटेलच्या वर्णनातला एकच शब्द वाचतो आणि बाकीचं सगळं सोडून देतो. तो शब्द म्हणजे 'मध्यवर्ती'. चौक पाच मिनिटांवर, संग्रहालय दोन मिनिटांवर, घड्याळाचा मनोरा तर खिडकीतूनच दिसतो. माझं म्हणणं एवढंच की जे खिडकीतून दिसतं ते खिडकीतून ऐकूही येतं. वर्णन लिहिणारे त्यातलं पहिलं तेवढं लिहितात.

आधी त्या पाच मिनिटांचा हिशेब. ताशी ५ किलोमीटर चालणारा माणूस पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर जातो. हा माणूस रिकाम्या हातांचा, धडधाकट आणि रस्ता पाठ असलेला असतो. हॉटेलवाल्यांच्या डोळ्यांसमोर पाहुणा कायम असाच येतो. खराखुरा पाहुणा येतो तो २३ किलोची बॅग, दुखरी पाठ आणि हातातल्या फोनवर स्वतःभोवती गिरक्या घेणारा निळा ठिपका घेऊन. उंच इमारतींच्या बोळात उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे ठिपका कधी या गल्लीत, कधी पलीकडच्या. अशा वेळी फोन खिशात ठेवावा आणि दारांवरचे नंबर वाचत जावं.

आणि दगड! जुन्या शहराची दगडी फरसबंदी फोटोत फार देखणी दिसते. पावसात भिजलेली असली तर विचारूच नका. पण चार चाकांच्या बॅगेची चाकं असतात जेमतेम ५ सेंटीमीटर व्यासाची आणि चारही बाजूंना फिरणारी. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती बॅग बोटाने ढकलली तरी राणीसारखी चालते. दगडांच्या फटीत मात्र छोटं चाक रुततं, आडवं वळतं, मागची दोन चाकं तिसऱ्याच दिशेला निघतात आणि बॅग बसलेल्या बैलासारखी हलेनाशी होते. ढकलत राहिलात तर चाकाचा प्लॅस्टिकचा दांडा तुटतो. ती आडवी कलंडवून दोनच चाकांवर, आपल्या मागून ओढायची, म्हणजे चाकं सरळ रेषेत राहतात. जुन्या पद्धतीच्या दोन चाकी बॅगा इथे सरस. त्यांची चाकं मोठी असतात, निम्मी बॅगेच्या पोटात शिरलेली असतात आणि त्यांना स्वतःची मतं नसतात. आवाज मात्र दोन्ही बॅगांचा सारखाच होतो, रिकाम्या गल्लीत कुणी पत्र्याचा डबा फरफटवत नेल्यासारखा. तो आवाज ध्यानात ठेवा.

टॅक्सीने का नाही जायचं? कारण टॅक्सी बहुधा दारापर्यंत येतच नाही. अशा शहरांचा गाभा वाहनांना बंद असतो. स्वतः गाडी चालवत येणाऱ्यांची गंमत तर आणखी न्यारी. इटलीत फ्लॉरेन्ससारख्या शहरांत जुन्या भागाच्या तोंडाशी कॅमेरे बसवलेले आहेत. तिथे ना फाटक, ना पोलीस, ना शिट्टी. आपण खुशाल आत शिरतो, हॉटेलपाशी बॅगा उतरवतो, कुणी हटकलं नाही म्हणून खूशही होतो. हॉटेलला गाडीचा नंबर आधी कळवला असेल आणि त्यांनी तो नोंदवला असेल तर ठीक. नाहीतर परदेशी पाहुण्याला दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या पोलिसांकडे ३६० दिवस असतात. सहलीचे फोटो विसरायला लागावेत तेव्हा तुमच्या नंबरप्लेटचा फोटो घरी येतो. तेव्हा नंबर लेखी कळवा, 'नोंदवला' असं उत्तर लेखी मागा आणि मगच किल्ली फिरवा.

सकाळी नऊला घामाघूम होऊन रिसेप्शनला पोचलं की तिथली व्यक्ती हसून सांगते, "खोली तीनला मिळेल." यात दुष्टपणा नसतो. आधीचा पाहुणा अकराला जाणार, मग साफसफाई. एका खोलीला सुमारे अर्धा तास आणि एका माणसाकडे बारा-पंधरा खोल्या, म्हणजे तुमची शेवटची असेल तर तीन वाजायचेच. तरी आधी येणाऱ्याने आदल्या दिवशी कळवून ठेवलं तर त्याची खोली यादीत वर सरकू शकते, हे फारसं कुणी करत नाही. सामान ठेवून घेतात, पण बॅग सोपवण्याआधी औषधं, चार्जर आणि टूथब्रश काढून घ्या. सामानाच्या खोलीत तुमची बॅग इतर अकरा काळ्या बॅगांच्या खाली जाते, आणि दुपारी डोकं दुखायला लागल्यावर गोळी नेमकी तिच्यात असते.

आता इमारत. ती लिफ्टपेक्षा वयाने मोठी असते. एलिशा ओटिसने दोर तुटला तरी न कोसळणारी लिफ्ट न्यूयॉर्कमध्ये लोकांना दाखवली १८५४ साली, आणि तिथल्याच एका दुकानात माणसांची लिफ्ट सुरू झाली १८५७ मध्ये. त्याआधी बांधलेल्या वाड्यात लिफ्टला जागा कोण ठेवणार? मग ती जिन्याच्या मधल्या पोकळीत कोंबलेली असते. आत पाटी असते, '४ माणसं, ३२० किलो'. हिशेब माणशी ७५ किलोचा, बॅग त्यात धरलेलीच नाही. वजन बसतं, माणूस बसत नाही. म्हणून लोक बॅगा आधी पाठवतात, स्वतः जिन्याने धावतात, आणि तोवर चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी लिफ्ट बोलावलेली असते. आपल्या बॅगा वर जाऊन, परक्या माणसाला भेटून, त्याच्यासोबत खाली येतात. शिवाय पाच पायऱ्या चढल्यावर लिफ्ट सुरू होते हा अलिखित नियम आहेच. गुडघ्यांची तक्रार असेल तर 'लिफ्ट आहे का' हा प्रश्न अपुरा. 'रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या' असं विचारायचं.

खोलीत शिरल्यावर दिवे लावायला भिंतीवरच्या खाचेत कार्ड खुपसायचं. आपण बाहेर पडलो की कार्ड निघतं, वीज जाते आणि चार्जिंगला लावलेला कॅमेरा उपाशी राहतो. खाच साधी असेल तर आतलं बटण फक्त दाबलं जायला हवं, मग कुठलंही जाड कार्ड चालतं. चिप ओळखणारी असेल तर नाही चालत. तिथे रिसेप्शनकडून दुसरं कार्ड मागून घ्यायचं. चुंबकीय पट्टीचं कार्ड असेल तर ते चुंबक असलेल्या फोनच्या कव्हरला चिकटवून ठेवू नका. मध्यरात्री दार उघडणार नाही आणि लिफ्टचं वर सांगितलंच आहे.

वाय-फायचं थोडक्यात. भिंत ६० सेंटीमीटर दगडाची, यंत्र बाहेरच्या बोळकांडीत. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान पण दगडापुढे लगेच शरण जाते, २.४ची हळू पण चिवट. दोन नावं दिसत असतील तर चिवट नाव निवडा आणि खुर्ची दाराशी ओढा. बहुतेक खोल्यांत दाराला लागून न्हाणीघर असतं, त्यामुळे सर्वांत उत्तम रेंज कमोडवर मिळते. कामाच्या बैठकीत कॅमेरा बंद ठेवणारे सगळेच आळशी नसतात.

मग येते रात्र. मनोऱ्याचं घड्याळ तासाला जितके वाजले तितके ठोके देतं. म्हणजे दिवसाचे १५६. पाव तासाला एक, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन आणि तास भरताना चार असे जादा ठोके असतील तर त्यांचे आणखी २४०. एकूण ३९६. नुसत्या तासांचे धरले तरी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ५४ होतात, आणि त्यातले सर्वांत जास्त बारा वाजता, नेमका डोळा लागताना. फ्रान्समधल्या काही मनोऱ्यांना तर ठोके दोनदा द्यायची सवय असते. शेतातल्या माणसाचं मोजताना चुकलं असेल तर दोन मिनिटांनी पुन्हा मोजता यावं, ही त्यामागची जुनी सोय. अंथरुणातला पाहुणा पहिल्यांदाच बरोबर मोजतो आणि दुसऱ्या खेपेला रडकुंडीला येतो.

पण पोलंडच्या क्राकुवला तोड नाही. तिथे मुख्य चौकातल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, तुतारी वाजते. एकदा नाही, चार दिशांना चार वेळा. आणि सूर अर्ध्यावर तुटतो. दंतकथा अशी की शत्रू आल्याची वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून तिथेच थांबायचं. कथा हृदय हेलावणारीच आहे. पण पहाटे तीनला चौकावरच्या खोलीत पडलेला माणूस उरलेला सूर आता येईल, मग येईल म्हणून छताकडे बघत राहतो त्याचं काय?

खिडक्या बदला म्हणावं, तर वारसा इमारतीच्या दर्शनी भागाची खिडकी सहसा बदलू देत नाहीत. म्हणून चांगली हॉटेलं जुन्या खिडकीच्या आत आणखी एक काच बसवतात. दोन काचांत दहा-वीस सेंटीमीटरची पोकळी राहिली तर आवाज छान अडतो, अगदी महागड्या जोडकाचेपेक्षाही. अट एकच, दोन्ही तावदानं घट्ट लागली पाहिजेत. आवाज काचेतून कमी आणि फटीतून जास्त येतो. चौकटीची रबरी पट्टी बोटाने चाचपून पाहा. निघाली असेल तर टॉवेलची गुंडाळी करून उंबऱ्यावर दाबायची. उन्हाळ्यात मात्र खिडकी लावली की गुदमरतं, उघडली की ठोके. दर्शनी भिंतीवर एसीचा डबा टांगायला परवानगी नसते, म्हणून कधी कधी एसीच नसतो. खोली निवडताना 'चौकाकडची' असं लिहिलेलं असेल तिथे जादा पैसे मोजू नका, मागच्या अंगणाकडची मागा. अंगणात दिसत काही नाही. फक्त स्वयंपाकघराचा पंखा तिथेच उघडतो का, तेवढं विचारून घ्या.

सहा वाजता घंटांचा आवाज वाटेनासा होतो, कारण ट्रक येतात. दिवसभर गाड्यांना बंदी, म्हणून माल उतरवायला सकाळचे मोजके तास राखलेले असतात. गावभरच्या दुकानांचा माल त्याच तासांत, त्याच चौकात. त्यात आदल्या रात्रीच्या रिकाम्या बाटल्या कचरागाडीत ओतल्या जातात. शांत चौकाची ही किंमत.

उठलातच आहात तर अंघोळ करून घ्या म्हणावं, तर गरम पाणी लगेच येत नाही. तळघरात पाणी ६० अंशांना तापवलेलं असतं, लिजिओनेला हे आजार पसरवणारे जंतू वाढू नयेत म्हणून. पण तुमच्या खोलीपर्यंत ४० मीटर नळी असली आणि ती आतून २ सेंटीमीटर रुंद असली तर तिच्यात साडेबारा लिटर गार पाणी बसलेलं असतं. मिनिटाला ८ लिटर देणाऱ्या शॉवरला ते बाहेर काढायला दीड मिनिट लागतं, बेसिनच्या बारीक धारेला तीन. म्हणून आधी शॉवर सोडावा, दात नंतर घासावेत. कपडे काढून आत उभं राहून वाट बघणं हा निव्वळ हौतात्म्याचा प्रकार. साधा मिक्सर असेल आणि शेजारच्याने फ्लश ओढला तर गार पाण्याचा दाब पडतो आणि तुमच्यावर उकळतं येतं. चकतीवर ३८ लिहिलेलं असेल तर तो धोका नाही. ते यंत्र दाब बदलला तरी तापमान धरून ठेवतं.

एवढं सोसून पाहुणा शेरा काय लिहितो? 'खोली लहान, झोप नाही, लिफ्ट अशक्य. ठिकाण : दहापैकी दहा.' तो खोटं बोलत नाही. रात्री जेवून रमतगमत दोन मिनिटांत खोलीवर परतण्याचं सुख गावाबाहेरच्या शांत, रुंद, गुळगुळीत हॉटेलात नाही. म्हणून पुढच्या सहलीला शोधताना तोच शब्द पुन्हा बोट ओढतो.

निघायच्या दिवशी विमान पहाटेचं असतं. राहण्याचा शहरकर बहुधा माणशी, दर रात्रीचा वेगळा द्यावा लागतो. तो आदल्या रात्रीच चुकता करा. रिसेप्शनवर दिवा असतो, माणूस झोपेत असतो. मग दार लोटायचं, बॅग मागे कलंडवायची आणि साडेचार वाजता ओल्या दगडांवरून गल्लीच्या टोकाशी थांबलेल्या टॅक्सीकडे निघायचं. वर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी खाडकन खिडकी लावून घेतं.