काकू, आपलं रक्त वेगळं नाही

नागपूरच्या महाल भागातल्या काकूंनी परवा एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं होय का रे? तू वाचत राहते ना हे अंतराळातलं." व्हिडिओ आमच्या समाजाच्या ग्रुपवरून आलेला, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण. असल्या गोष्टींना मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण त्याच व्हिडिओच्या जोरावर काकूंनी नातवाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणून टाळला, असं वहिनीकडून कळलं. आता मात्र उत्तर देणं भाग आहे.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 1996 साली स्टार वॉर्सच्या, म्हणजे अंतराळातल्या लढायांच्या त्या इंग्रजी सिनेमांच्या विश्वातल्या, एका कादंबरीत 'क्रायटॉस' नावाचा विषाणू प्रयोगशाळेत बनवून सोडल्याचं लिहिलंय आणि तो ठरावीक वंशांनाच मारतो. म्हणजे 'त्यांना' कोरोना आधीपासून ठाऊक होता. म्हणजे वंश ओळखणारे विषाणू तयार आहेत. आपल्या समाजाचं रक्त शुद्ध असल्यामुळे ते आपल्याला लागत नाहीत, आणि लस हा ते कवच फोडण्याचा डाव आहे. शिवाय कादंबरीतलं 'बॅक्टा' हे औषध म्हणजे आपलाच काढा, आणि जगात जैविक अस्त्रांवर बंदीच नाही. मागे तुतारी, समोर फिरणारी पृथ्वी.

कादंबरी आहे, हे खरं. मायकेल स्टॅकपोल यांची 'द क्रायटॉस ट्रॅप', 1996. माझी प्रत बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली, पानं सुटी झालेली, पण शाबूत आहे. व्हिडिओवाल्याने ती उघडलेली नाही, हे त्याच्या दुसऱ्याच वाक्यात कळतं. कोरोनाचं भाकीत कुठे आहे तिच्यात? साम्राज्याच्या हातून राजधानीचा ग्रह, कोरुसांट, निसटतो. जाता जाता इसार्ड नावाची हेरखात्याची प्रमुख तिथल्या पाण्यात विषाणू सोडून जाते. पाण्यात. कोरोना नळातून आला होता का? रोगाची साथ आणि दुष्ट माणूस एवढ्याच साम्याला भाकीत म्हणायचं असेल, तर निम्म्या रहस्यकथा भविष्यपुराणं ठरतील. हा मुद्दा इथेच सोडतो.

खरा घातक मुद्दा रक्ताचा.

क्रायटॉस माणसांना लागत नाही, मानवेतरांना लागतो, हे व्हिडिओने बरोबर सांगितलं. पण मानवेतर म्हणजे कोण? त्या विश्वात डुकरासारख्या तोंडाचे हिरवे गामोरियन आहेत, तोंडाभोवती शुंडा लोंबणारे क्वारेन आहेत, डोक्यातून दोन लांब शेपटं निघालेले ट्विलेक आहेत. वेगवेगळ्या ग्रहांवर वेगवेगळे उपजलेले जीव. तिथे लेखकाला 'याला लागतो, त्याला नाही' असं म्हणायची सोय आहे. महाल आणि सदर हे दोन ग्रह नाहीत. धरमपेठेतल्या माणसाला आणि मोमिनपुऱ्यातल्या माणसाला फुप्फुसं एकाच जातीची असतात.

हे माझं मत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने 1972 साली जगभरच्या लोकांच्या रक्तगटांची आणि रक्तातल्या प्रथिनांची आकडेवारी घेऊन एक साधा हिशेब मांडला: माणसामाणसांत जो काही जनुकीय फरक आहे, त्यातला किती कुठे आहे? उत्तर आलं की 85 टक्क्यांच्या आसपास फरक एकाच समाजाच्या आत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत आहे. ज्यांना आपण मोठमोठे वंश म्हणतो त्यांच्यामधला फरक जेमतेम 6 टक्के. त्याने रक्तच तपासलं होतं बरं, व्हिडिओवाला ज्याच्या शुद्धतेची हमी देऊन राहिला तेच. पुढे थेट डीएनए वाचता येऊ लागला, तेव्हाही समाजाच्या आतल्या फरकाचा वाटा काही खाली आला नाही. म्हणजे काकू, तुमच्यात आणि तुमच्या सख्ख्या शेजारणीत, एकाच पोटजातीतल्या, जितका फरक निघेल, त्याच्यापुढे तुमच्या 'समाजा'ची म्हणून वेगळी अशी खूण शोधणं कठीण. विषाणूने नेमकं काय पाहून तुम्हाला सोडायचं?

यात अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. काही जनुकं काही रोगांत फरक पाडतात. विदर्भात राहून हे नाकारणं शक्यच नाही. सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, इथे घराघरांत माहीत आहे. ज्याच्याकडे त्या जनुकाची एकच प्रत असते, म्हणजे जो नुसता वाहक असतो, त्याला फॅल्सिपेरम हा सर्वांत घातक मलेरिया जिवावर बेतण्याइतका होण्याची शक्यता कमी असते. मलेरिया होतच नाही असं नाही. आणि दोन्ही प्रती आल्या की त्या पोराचं आयुष्य वेदनांत जातं, मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जाऊन पाहा. हे 'कवच' फार महागाचं आहे. आता गंमत ऐका. विदर्भात सापडणारा सिकलसेलचा प्रकार आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागातला प्रकार, दोन्हींची जनुकीय पार्श्वभूमी एकच. शास्त्रात त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. इथेही तो एका जातीच्या वेशीपाशी थांबत नाही. कुठे प्रमाण जास्त, कुठे कमी, एवढंच. ज्या एका उदाहरणाचा आधार घेऊन व्हिडिओवाल्याला 'रक्त वेगळं' म्हणता आलं असतं, तेच उदाहरण नागपूरचं नातं पूर्व सौदीतल्या दम्मामशी जोडून ठेवतं. हे त्याच्या ग्रुपला आवडेल असं वाटत नाही.

आणि पुस्तकं, आकडे राहू द्या. एप्रिल 2021 मधली कोरोनाची लाट विसरलो का आपण? मोक्षधाम, गंगाबाई, मानेवाडा, कोणत्या दहनघाटावर गर्दी नव्हती? 'शुद्ध रक्ता'ची माणसं त्या रांगेत नव्हती का? आमच्याच समाजाच्या ग्रुपवर तेव्हा रोज भावपूर्ण श्रद्धांजलीचे फोटो येत होते. तोच ग्रुप, तेच अ‍ॅडमिन.

गोवराचं तर विचारूच नका. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि जवळ आलेल्या दहा असुरक्षित माणसांतल्या नऊ जणांना लागू शकतो. तो आडनाव विचारत नाही. लसही विचारत नाही. देवीची लस सगळ्या जगाने घेतली, त्यात कुणाचं कवच फुटलं नाही, फुटली ती देवी. 1980 साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पुढचा महिना कशाला?

व्हिडिओवाल्याने पुस्तक वाचलं असतं तर त्याला आणखी एक गोष्ट दिसली असती. इसार्डला नुसती माणसं मारायची नव्हती. तिचा डाव असा, की रोग पसरेल, औषधावर नवं सरकार कंगाल होईल, आणि माणसांना काहीच होत नाही हे पाहून मानवेतर त्यांच्याकडे संशयाने पाहू लागतील. 'आम्हाला लागत नाही, त्यांना लागतो' हे वाक्य लोकांच्या तोंडी बसावं, यासाठीच तो विषाणू बनवला होता. तिला त्यासाठी प्रयोगशाळा लागली. इथे एका तुतारीवर काम भागलं.

बॅक्टाला काढा म्हणणाऱ्याशी काय भांडायचं! बॅक्टा थायफेरा ग्रहावर तयार होतो, तो बनवायची कला व्राटिक्स नावाच्या कीटकांसारख्या प्राण्यांची, आणि धंदा दोन कंपन्यांच्या मुठीत. क्रायटॉसपुढे नुसता बॅक्टा पुरत नाही, इतका लागतो की तिजोरी रिकामी व्हावी. शेवटी त्यात रिल नावाच्या पदार्थाचा एक प्रकार मिसळून नवं औषध काढावं लागतं. तुळस, आलं, गवती चहा यांचा त्यात कुठेही संबंध नाही. काढा घशाला बरा वाटतो, जरूर प्या.

राहिला बंदीचा मुद्दा. बंदी आहे. 1925 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात जैविक अस्त्रं वापरायला मनाई केली. ती बनवायला आणि साठवायला बंदी घालणारा करार 1972 साली सह्यांसाठी खुला झाला आणि 1975 पासून लागू आहे. भारत त्यात आहे. मात्र त्या कराराला तपासणीची यंत्रणा नाही, हे कबूल करावं लागेल, आणि सही करणाऱ्यांनी तो मोडलाही आहे. सोव्हिएत संघाने मोडला. 1979 साली रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू हवेत सुटले, निदान 66 माणसं मेली, आणि सरकार कित्येक वर्षं खराब मांसाचं कारण सांगत राहिलं. पुढे संशोधकांनी रोग झालेल्यांची राहण्याची आणि कामाची ठिकाणं नकाशावर मांडली, तेव्हा ते बहुतेक एका अरुंद पट्ट्यात आले: केंद्रापासून निघून त्या दिवशी वारा जिकडे होता तिकडे. सगळे त्यांचेच नागरिक. एका महासत्तेच्या खऱ्याखुऱ्या अस्त्राला वाऱ्याची दिशा तेवढी कळली.

व्हिडिओच्या शेवटी 'भाग दोन लवकरच: ब्लू शॅडो व्हायरस' अशी जाहिरात आहे. काकू, तो आला तर आधीच सांगून ठेवतो. ती गोष्ट 2009 साली स्टार वॉर्सच्याच 'द क्लोन वॉर्स' या टीव्ही मालिकेत आली. त्यात नाबू ग्रहावर डॉक्टर विंडी नावाचा मानवेतर शास्त्रज्ञ नामशेष झालेला विषाणू पुन्हा बनवून हवेतून पसरेल असा करतो. त्यात माणूस असलेली पद्मे आजारी पडते, टोग्रुटा वंशाची असोका आजारी पडते, आणि सोबतचे क्लोन सैनिकही. तिथे वंशाचा भेद शोधूनही सापडायचा नाही. त्यांचा जीव वाचतो तो रीक्सा नावाच्या वेलीच्या मुळीने, आणि आता व्हिडिओवाला ती मुळी विकायला काढेल अशी मला दाट शंका आहे. ती वेल माणसांवर झडप घालते आणि इएगो नावाच्या ग्रहावरच उगवते. इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात रीक्सा म्हणून कुणी काही पुडीत बांधून दिलं, तर घेऊ नका.