हप्ता देणाऱ्याला तुमचा पिन कशाला हवा?

परवा अण्णांचा फोन. "अगं, ती फाइल उघडंना झालीय." फाइल म्हणजे विकास सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी 'पीएम किसान केवायसी डॉट एपीके'. एपीके म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. सोबत मजकूर: आज रात्री 12 च्या आत केवायसी करा, नाहीतर 2000 चा हप्ता बंद, ही फाइल फोनमध्ये टाका, 1 रुपया भरून यूपीआय पिनने खातं पडताळा, सगळ्या शेतकरी बांधवांना पाठवा. ग्रुपवर लोकांनी हात जोडून आभारही मानलेले!

केवायसीचं तेवढं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. पीएम किसानला ई-केवायसी लागतेच, नसली तर हप्ता अडकतो. पण ती पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर ओटीपीने होते, सीएससी केंद्रात अंगठा देऊन होते, नाहीतर प्ले स्टोअरवरच्या सरकारी अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून. ग्रुपवर आलेल्या फाइलने नाही.

आता तो 1 रुपया. यूपीआय चालवणारी एनपीसीआय किती वर्षं घसा कोरडा करून सांगतेय, की पैसे घ्यायला पिन लागत नाही. अण्णांना 2019 पासून हप्ता येतोय, आधारला जोडलेल्या खात्यात, थेट. एकदा तरी कुणी पिन विचारला? डेअरीवाला दर दहा दिवसांनी दुधाचं बिल देतो, तेव्हा आधी कपाटाची किल्ली मागतो का?

आणि ती फाइल. अशी फाइल टाकली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. आपण 'हो' दाबतो, आणि बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. 'ओटीपी कुणाला सांगू नये' हे अण्णांना तोंडपाठ आहे. इथे सांगायची गरजच उरत नाही.

"पण पाटलांच्या पोरानं टाकलंय, तो कशाला फसवंल?" तो नसेलच फसवत. त्याच्याच फोनचा ताबा गेला असेल, तर त्याच्या नावाने कुणीही काहीही पाठवेल.

रात्री 12 च्या मुदतीवर काय बोलायचं? पावसाळ्यात आलेल्या मेसेजातही तीच होती.

कुणी फाइल टाकलीच असेल, तर आधी नेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा. पैसे गेले असतील तर तासभरही थांबू नका.

अण्णांनी काल ग्रुपवर लिहिलं, "सदर फाइल कोणी उघडू नये." त्याखालीही दोघांनी हात जोडलेत. आणि एकाने विचारलंय, "मग खरी फाइल कोणती?"