सात टक्क्यांचं खूळ

मागच्या रविवारी माहेरी पारोळ्याला गेले होते. भाची वर धाब्यावर (म्हणजे गच्चीवर) सेमिनारची तयारी करत होती आणि खाली चुलीपाशी मला तिचा आवाज ऐकू येत होता. मधेच तो बंद पडला. बराच वेळ झाला तरी काही हालचाल नाही, म्हणून वर जाऊन पाहिलं, तर ही बाई पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून पाण्याच्या टाकीकडे रोखून बघत उभी.

"काय करी ऱ्हायनी वं?"

"फुई, दोन मिनिटं थांब. पॉवर येतेय."

ही पॉवर कुठल्या फिडरवरून येतेय ते तिच्या मोबाइलमध्ये दिसलं. गेल्या पंधरवड्यात तोच संदेश मला तीन ठिकाणांहून आलाय: शाळेच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांकडून. मथळा असा, 'अबोल आहात? स्टेज गाजवा! सात सुवर्णनियम'. ओळीगणिक आगीची चित्रं. ज्यांना तो अजून आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: ऐकणाऱ्यावर शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. माणूस मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतो. अंतर्मुख माणूस चांगला वक्ता होऊ शकत नाही, तेव्हा आधी बहिर्मुख व्हा. बोलण्याआधी दोन मिनिटं पैलवानासारखं उभं राहा, शरीरातली रसायनं बदलतात. समोरचे लोक म्हणजे कोबीचे गड्डे समजा. माणसाचं लक्ष आठ सेकंदच टिकतं, म्हणून विनोदाने सुरुवात करा. आणि हातात कागद दिसला की तुम्ही संपलात.

मी अमळनेरला बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारी बाई मी. घरात मला 'मुकी' म्हणतात आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण या संदेशाने त्या पोरीचं जे केलं, त्याचा राग आला म्हणून लिहितेय.

पोरगी एम.एस्सी. करतेय, कृषीची. विषय गुलाबी बोंडअळी. खान्देशात या अळीबद्दल वेगळं सांगायला नको, ज्याच्या शेतात कपाशी आहे त्याने ती बोंड फोडून पाहिलेली आहे. तिचा सगळा सेमिनार एका तक्त्यावर उभा होता. शेतात हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने या अळीचे नर पतंग ओढून घेणारे) लावायचे, रोज सकाळी पतंग मोजायचे, आणि दर सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की समजायचं, आता फवारणीचा विचार करायला हवा. हिने स्वतः आमच्या भावाच्या शेतात सापळे लावून महिनाभर नोंदी केल्या होत्या. पहाटे वहीपेन घेऊन. आणि हा संदेश वाचून तिने तक्ता काढून टाकला. का, तर "शब्द आणि आकडे सातच टक्के असतात ना फुई." त्याजागी डरकाळी फोडणाऱ्या वाघाचा फोटो. शुक्रवारच्या रंगीत तालमीत तिने नवरा-बायकोचा विनोद सांगून सुरुवात केली, कोणी हसलं नाही, गाईड सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी सरळ विचारलं, "आठ पतंग कुठून आले?" उत्तर तिला झोपेतसुद्धा येतं. पण ते ज्या तक्त्यात होतं तो तिने स्वतःच्या हाताने उडवला होता, आणि समोर वाघ. ती तोंड उघडून नुसती उभी राहिली.

तर आता हे सात टक्के.

आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो जास्त घातक आहे. अल्बर्ट मेहरेबियन नावाचे मानसशास्त्रज्ञ, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतले. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन प्रयोग केले. एकात टेपवर सुटे शब्द ऐकवले: 'थँक्स', 'मेबी', 'टेरिबल' असे, एकेक, निरनिराळ्या सुरांत. दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द तीन सुरांत आणि जोडीला चेहऱ्याचे फोटो. ऐकणाऱ्याने ओळखायचं काय, तर बोलणाऱ्याला समोरचं माणूस आवडतं की नाही. बस. दोन्ही प्रयोगांची बेरीज करून त्यांनी ७-३८-५५ असं सूत्र मांडलं. त्यात कोणी भाषण केलं नव्हतं. कोणी एक अख्खं वाक्यसुद्धा बोललं नव्हतं. बोंडअळी तर लांबच. आणि पुढे खुद्द मेहरेबियननीच स्पष्ट लिहिलंय की माणूस आपल्या भावनांबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल, तर हे सूत्र लागू नाही. ज्याने आकडा काढला तोच नको म्हणतोय, आणि आपण पन्नास-साठ वर्षं तो शिबिरांतून विकतोय. हे शिबिरवाले आमच्या शाळेतही येऊन गेले. दीड तास बोलले. शब्दांत.

आता यात जे खरं आहे ते मान्य करते, जिवावर येतंय तरी. 'बरं' हा शब्द घ्या. जावयाने "पुरणपोळी आवडली" म्हटल्यावर सासूचं 'बरं' वेगळं, सुनेने "मी माहेरी जाऊ का" विचारल्यावरचं 'बरं' वेगळं. दुसऱ्या 'बरं'चा अर्थ 'पाय तर उचलून बघ' असा आहे हे कोणत्याही सुनेला शब्दाविना कळतं. एकाच शब्दात राग आहे की लोभ हे सूर आणि चेहरा सांगतात. मेहरेबियननी तेवढंच मोजलं. तोंडाने "विषय फार महत्त्वाचा आहे" म्हणायचं आणि जांभई द्यायची, तर लोक जांभईवर विश्वास ठेवणार. इथपर्यंत कबूल.

पण त्यावरून शब्द सात टक्के? रावेरकडे माझे दाजी केळीचा भाव फोनवर ठरवतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, मग पंचावन्न टक्के सौदा कुठे जातो? आणि एका शब्दाने भावाचा घोटाळा झाला तर नंतर दाजींची देहबोली बघायला या.

धाब्यावर मी भाचीला म्हटलं, ठीक आहे, तुझे त्र्याण्णव टक्के वापर. 'सलग तीन रात्री, दर सापळ्यात आठ पतंग' हे एक अक्षर न बोलता सांग. तिने केलं बिचारीने. आठ बोटं दाखवली, हात फडफडवले, मान तिरकी करून तीनदा झोपली. माझी आई पापड गोळा करत होती, ती थांबून बघायला लागली. म्हणाली, "हाई काय वं, आठ कबुतरं?"

तक्ता त्याच संध्याकाळी परत आला.

दुसरी चीड येणारी गोष्ट म्हणजे 'आधी बहिर्मुख व्हा'. जणू सर्दी आहे, आधी बरी करा मग या. अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द कार्ल युंगने १९२१ साली रूढ केले, ते माणसाचा ओढा आतल्या जगाकडे आहे की बाहेरच्या, एवढ्यासाठी. त्यात 'बोलता येत नाही' असं कुठेच नाही. सभेची भीती ही वेगळीच चीज आहे, ती बडबड्या माणसालाही गाठते. आमचा भाऊ बाजारात उभा राहिला तर पलीकडच्या गल्लीत ऐकू येतो, त्याच भावाला एका सत्कारात आभार मानायला सांगितले, तर "सगळ्यांचे... हे..." म्हणून खाली बसला.

आणि उदाहरणच हवं असेल तर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टातला तो तरुण वकील आठवा. मामीबाईंची केस, फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभा राहिला, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचला नाही. खाली बसला आणि केस दुसऱ्याला द्यायला सांगून मोकळा झाला. हे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलंय. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं, तेव्हा त्यांचं बोलणं ऐकायला लोक खेड्यापाड्यांतून आले. मधल्या काळात ते काही बडबडे झाले नव्हते. उलट त्यांनी लिहिलंय की या संकोचानेच त्यांना शब्द जपून वापरायला शिकवलं. ते अंतर्मुख होते की नुसते लाजाळू, हे ठरवणारी मी कोण. पण शब्द जपून वापरणाऱ्याला 'शब्द सातच टक्के' सांगणं म्हणजे सुताराला रंधा टाकून दे म्हणण्यासारखं आहे. अबोल माणसापाशी असतं काय, तर तयारी, नेमका शब्द, आणि महिनाभर पहाटे मोजलेले पतंग. तेच काढून घेता, आणि देता काय, वाघ?

बाकीचे नियम झटपट संपवते, भाकरी करपायला आल्यात.

मरणापेक्षा भाषणाची भीती: हे १९७३ च्या एका अमेरिकन पाहणीतून आलंय. लोकांना भीतींची यादी दिली आणि लागू पडतील तितक्यांवर खूण करा म्हटलं. ४१ टक्क्यांनी सभेत बोलण्यावर खूण केली, १९ टक्क्यांनी मरणावर. सगळ्यात मोठी भीती कोणती, हे विचारलंच नव्हतं. २०१२ साली दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना क्रमही लावायला लावला, तर पहिला नंबर मरणाचाच. म्हणजे भीती पुष्कळांना असते, हे खरं, आणि ते ऐकून पोरीला जरा बरं वाटलं, हेही खरं. तेवढं श्रेय संदेशाला.

पैलवानासारखं उभं राहणं: २०१० चा अभ्यास. २०१५ मध्ये सुमारे दोनशे माणसांवर पुन्हा करून पाहिला, तर अंगात बळ आल्यासारखं वाटतं पण रसायनं काही बदलत नाहीत. २०१६ मध्ये मूळ अभ्यासातल्या एका बाईंनीच जाहीर केलं की आपला आता यावर विश्वास नाही. उभं राहायचं तर राहा, टाकीला त्रास नाही.

आठ सेकंद: २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालातून हा आकडा जगभर गेला, त्यामागचं मूळ संशोधन शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. आमच्याकडे सप्ताहात लोक मांडी मोडेस्तोवर कीर्तन ऐकतात.

कोबीचे गड्डे मात्र मला सहन होत नाहीत. वर्गात साठ पोरं असतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी पडली की मला कळतं, घनतेचं सूत्र पुन्हा सांगायला हवं. तिला गड्डा समजले असते तर? अबोल माणसाने जन्मभर लोकांचे चेहरेच तर वाचलेले असतात, सभेत त्याला नेमकं तेच करू नको म्हणता. भाचीला मी एवढंच सांगितलं की अर्धा तास आधी जा, लॅपटॉप जोड, पुढे बसलेल्या दोघा-तिघांशी पावसापाण्याचं बोल. मग उभी राहशील तेव्हा खोलीत निदान तिघं ओळखीचे असतील. एक वाक्य एकाकडे बघून पुरं करायचं, पुढचं दुसऱ्याकडे. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेलाच पाहिजे, त्यात सूट नाही. पहिली दोन वाक्यं पाठ, बाकी पाठ करायचं नाही. न येणारा प्रश्न आला तर "तपासून सांगते" म्हणायचं आणि खरंच तपासायचं.

राहिला कागद. तिचे हात थरथरतात, लपवण्यासारखं काही नाही. पातळ कागद हातात असला की तो फडफडतो आणि सगळ्यांना दिसतो, तेव्हा तिला आणखी घाम फुटतो. रविवारी रात्री आम्ही लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर तिचे मुद्दे चिकटवले. मागे अजून 'शुभविवाह' दिसतं. आईने कामगंध सापळाच घेऊन जा म्हटलं, तर तोही पिशवीत भरला.

सेमिनार येत्या गुरुवारी आहे. सुरुवातीचं वाक्य तिने स्वतः लिहिलंय: "सापळा लावल्यावर पहिल्या सकाळी मला त्यात दोन पतंग दिसले, आणि मला वाटलं, आपलं शेत वाचलं."

हे सगळं मी आधी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. मोठ्या काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि दहा मिनिटांनी कोमट पाण्याचे अकरा फायदे.