सक्ती नेमकी कोणावर? समरहिलविषयीच्या आक्षेपांना उत्तर

महोदय,

इंग्लंडमधील समरहिल शाळेवरील माझ्या लेखाबाबत आपण दोन आक्षेप नोंदवले आहेत. तासाला बसणे ऐच्छिक ठेवणारी शाळा म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे चोचले, हा पहिला. आणि सक्ती नसती तर आपल्याकडच्या किती मुली शाळेची पायरी चढल्या असत्या, हा दुसरा. दुसरा अधिक वजनदार असल्याने आधी तोच घेतो.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. मुलीला चुलीपाशी आणि मुलाला गुरांमागे अडकवून ठेवणाऱ्या मोठ्यांना आवरणारी ही सक्ती मला पूर्णपणे मान्य आहे. शिक्षणतज्ज्ञ ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या समरहिलचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: शाळेत पोहोचलेल्या मुलाला गणिताच्या तासाला बळेच बसवावे का?

तेथे मुले मोकाट सुटलेली असतात, हा समज मात्र खरा नाही. वेळापत्रक असते आणि शिक्षक ठरल्या वेळी वर्गात हजर असतात. यायचे की नाही, एवढेच मुलावर सोपवलेले असते. झोपण्याच्या वेळांसारखे नियम शाळेच्या सभेत मतदानाने ठरतात, त्या सभेत लहानग्याचे मत मुख्याध्यापकांच्या मताइतकेच मोजले जाते, आणि नियम मोडणाऱ्याला प्रसंगी जेवणातल्या गोड पदार्थावर पाणी सोडावे लागते. (घरी हा दंड आपण एकट्याच्या मर्जीने करतो, हेही लक्षात घ्यावे.) १९९९ च्या तपासणीनंतर सरकारने ऐच्छिक तासांवरच बोट ठेवले, तेव्हा शाळा न्यायाधिकरणात गेली. मार्च २००० मध्ये सरकारने तडजोडीचा प्रस्ताव दिला, त्यावर विद्यार्थ्यांनी न्यायालयाच्या दालनातच सभा भरवून मतदान केले आणि तो स्वीकारला. तास ऐच्छिकच राहिले.

समरहिल ही शुल्क घेणारी निवासी शाळा आहे, त्यामुळे आपला पहिला आक्षेप वस्तुस्थिती म्हणून खराच आहे. चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींना तास ऐच्छिक करा, असे मीही सुचवणार नाही. परंतु खेळाच्या साहित्याचे किंवा डबा खाण्याच्या जागेचे नियम मुलांच्या सभेवर सोपवायला पैसा लागत नाही. फक्त त्या सभेचा ठराव शिक्षकांनाही बंधनकारक असला पाहिजे, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच येते.